काखेतला फुगवटा : आजार थोडा, धास्ती फार

बाळंतपण सुखरूप पार पडते, बाळ अंगावर पिऊ लागते, दोन दिवसांनी दवाखान्यातून सुटी होते. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दुधाने भरते आणि त्याच वेळी काही जणींच्या काखेत लिंबाएवढा, कधी त्याहून मोठा गोळा उभा राहतो. तो ठणकतो. हात अंगाशी मिटता येत नाही, कुशीवर झोपता येत नाही, बाळाला नीट धरता येत नाही. वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, या गोळ्याला पहिले नाव मिळते ते काखमांजरीचे. ‘काखेत गोया आला’ ही बातमी घरातून शेजारी जाते आणि उपाय शेजारून घरात येतात. शेगडीचा शेक वाढतो. कोणी बिब्बा लावायला सांगते, कोणी चुना-गूळ. गोळा दाबून दूध काढायचा प्रयत्न होतो. सर्वांत वाईट म्हणजे ‘त्या बाजूचे दूध नासले’ असे ठरवून बाळाला त्या अंगाला लावणे बंद केले जाते.

बाळंतिणीच्या काखेत दुधाबरोबर आलेला असा गोळा बहुतेक वेळा काखमांजरी नसतो, म्हणजे गळू नसते. ती स्तनाचीच ऊती असते, फक्त नेहमीच्या जागेपासून थोडी दूर राहिलेली. छातीतल्या ग्रंथींना दूध तयार करण्याचा जो निरोप रक्तातून मिळतो तोच काखेतल्या या ग्रंथींनाही मिळतो आणि त्याही इमानाने कामाला लागतात. अडचण एवढीच, की तिथे बहुतेक वेळा बोंड नसते आणि दुधाला बाहेर पडायला वाट नसते. वैद्यकीय भाषेत याला अ‍ॅक्सेसरी ब्रेस्ट किंवा अतिरिक्त स्तन-ऊती म्हणतात. नाव ऐकून घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

ही ऊती काखेत येते कशी, हे गावातल्या माणसाला समजावणे शहरातल्यापेक्षा सोपे आहे, कारण त्याने जनावरे पाहिलेली असतात. आईच्या पोटातला गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना काखेपासून जांघेपर्यंत त्वचेची एक जाडसर पट्टी उमटते. तिला दुग्धरेषा म्हणतात. कुत्री किंवा डुकरीण घ्या, तिच्यात ही रेषा जवळजवळ पूर्ण टिकते, म्हणून पोटावर सडांच्या दोन ओळी दिसतात. गाय, म्हैस, शेळी यांच्यात फक्त मागचा, जांघेकडचा भाग टिकतो आणि तिथे कास तयार होते. हत्तिणीत आणि माणसात टिकतो तो छातीवरचा. बाकीची रेषा जन्माआधीच विरून जाते. एखादीच्या बाबतीत ती पूर्ण विरत नाही आणि मागे राहिलेला तुकडा बहुधा काखेत सापडतो. कुठे नुसती ग्रंथी असते, कुठे नुसते बोंड, कुठे दोन्ही. कायावा नावाच्या फिनलंडच्या संशोधकाने १९१५ मध्ये याचे आठ प्रकार पाडले आणि ते अजूनही वापरले जातात. छातीखाली किंवा पोटावर जो ‘जन्मखुणेचा तीळ’ म्हणून आयुष्यभर मिरवला जातो, तो कधी कधी असे राहून गेलेले बोंड असते, आणि ते पुरुषांतही आढळते.

हे किती जणींत असते? वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ०.४ ते ६ टक्के स्त्रियांत ते सापडले आहे. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास होती आणि त्यात पावणेसहा लाखांच्या जवळपास स्त्रिया होत्या. टक्का एकच धरला आणि वयात न आलेल्या मुली वगळल्या, तरी या एका जिल्ह्यात काही हजार स्त्रियांच्या काखेत ही ऊती असणार. इतक्या जणींत असलेल्या गोष्टीला गावात स्वतःचे नाव नसावे, हे नवलच आहे. नाव नसल्यामुळे ती दरवेळी दुसऱ्या कशाच्या तरी नावाने ओळखली जाते. कधी गळू, कधी चरबीची गाठ, कधी क्षयाची गाठ आणि रात्री झोप लागत नाही तेव्हा कर्करोग.

ही ऊती जन्मापासून असली तरी दिसत नाही. ती पहिल्यांदा लक्षात येते ती वयात येताना, किंवा गरोदरपणात, किंवा बाळंतपणानंतर. एका काखेत असू शकते, पण पुष्कळदा दोन्हीकडे असते आणि दोन्हीकडे सारखी असतेच असे नाही. मासिक पाळीच्या आधी चार-सहा दिवस ती जड होते, दुखते, पाळी आली की उतरते. आई-मुलीत किंवा बहिणी-बहिणीत दिसण्याची उदाहरणे आहेत, पण बहुतेक जणींच्या घरात दुसऱ्या कोणाला ती नसते.

डॉक्टरच्या आधी ही गोष्ट ब्लाऊज शिवणारीला कळते. मापाचा ब्लाऊज मुंढ्यात काचतो, मुंढा सैल केला तर पुढे झोळ पडतो, आणि मग काखेखाली एक जोड घालून वेळ मारून नेली जाते. सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर विळा चालवणाऱ्या बाईला घामाने आणि घासण्याने तिथे कातडी सोलवटते, खाज येते, काळे डाग पडतात. डोक्यावर भारा किंवा पाण्याचा हंडा तोलताना हात वर राहतो, त्या वेळी ओढ बसते. हे सगळे ‘दुखणे’ या सदरात बसत नाही, म्हणून ती ते सांगत नाही. सांगितलेच तर उत्तर मिळते, ‘अंगाने भरली आहेस, वजन कमी कर.’ वजन कमी केल्याने भोवतालची चरबी थोडी उतरते हे खरे, पण ग्रंथी चरबी नसते आणि ती उपासाने जात नाही. सडपातळ मुलींच्या काखेतही ती असते. त्यांना तर हा सल्ला चेष्टाच वाटतो.

आधी बाळंतिणीचे बघू, कारण तिच्या बाबतीत दोन जिवांचा प्रश्न असतो आणि उपाय सर्वांत सोपा आहे. बाळाला दोन्ही अंगांना नेहमीसारखे पाजत राहायचे. काखेतल्या गोळ्याचा छातीतल्या दुधावर काहीही वाईट परिणाम होत नाही. ते दूध नासत नाही, बाळाला बाधत नाही. काखेवर गार पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. शेक नको, त्याने सूज वाढते. चोळायचे नाही, पिळायचे नाही. दूध काढून टाकले की शरीर समजते मागणी आहे, आणि आणखी तयार करते. दूध तिथेच राहिले की ग्रंथी काही दिवसांत आपोआप थंडावते. ठणका असह्य असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे, ते अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. बहुतेक जणींचा गोळा आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. एखादीच्या काखेतल्या बारीक छिद्रांतून दूध पाझरते. त्यालाही फक्त स्वच्छ, कोरडे कापड पुरते.

बिब्ब्याबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते. काखेची कातडी पातळ, घामाने ओली. तिथे फोड येतात, ते चिघळतात, आणि जिथे गळू नव्हते तिथे आता खरोखरच पू होतो. मग चिरा देण्याची वेळ येते. दूध भरलेल्या ग्रंथीला चिरा दिला की जखमेतून आठवडेच्या आठवडे दूध वाहू शकते. साध्या गोष्टीचा असा मोठा पसारा होतो. ताप येत असेल, कातडी लाल-गरम झाली असेल, गोळ्याचा मधला भाग मऊ पडला असेल, तर मात्र घरी थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. संसर्ग ग्रंथीत होऊ शकतो आणि त्याला औषध लागते.

यात सरकारी व्यवस्थेला करण्यासारखे एक बिनखर्चाचे काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या प्रत्येक घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे असते. तिसरा दिवस आणि सातवा दिवस! गोळा उभा राहतो तो नेमका याच दिवसांत. आई दवाखान्यातून निघाल्यावर ही सूज येते, म्हणून वॉर्डातल्या परिचारिकेला ती दिसत नाही. जी बघू शकते ती आशाच. बाळाचे वजन, ताप, नाळ बघून झाल्यावर तिने आईला एवढेच विचारावे, ‘काखेत काही आले का?’ आणि आले असेल तर काय करायचे नाही हे सासूच्या समोर सांगावे. सासूच्या समोर हे महत्त्वाचे, कारण शेगडी आणि बिब्बा दोन्ही तिच्या हातात असतात.

वयात येणाऱ्या मुलीची गोष्ट वेगळी. तेरा-चौदाव्या वर्षी काखेत फुगवटा दिसू लागतो आणि ती तो लपवू लागते. बाह्यांचा ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांवर, कवायतीत हात वर न करणे. आईला कळते तेव्हा आईच्या मनात पहिला विचार लग्नाचा येतो. ‘मुलीच्या काखेत गाठ आहे’ हे वाक्य गावात फिरले तर काय, या भीतीने तपासणीच टाळली जाते. या ऊतीमुळे पाळी, गर्भधारणा, अंगावर पाजणे यांत कसलाही अडथळा येत नाही. ती संसर्गजन्य नाही. डॉक्टरांनी तपासून खात्री केली की मुलीला आणि आईला दोघींना हे एकत्र बसवून सांगावे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते आणि किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात. तिथे हा विषय मुलीने काढायची वाट पाहिली तर तो कधीच निघणार नाही.

सोनोग्राफी सांगितली की आणखी एक अडथळा उभा राहतो. गावात सोनोग्राफी म्हणजे पोटातले बाळ बघणे, एवढाच अर्थ रूढ आहे. कुमारिकेला सोनोग्राफी केंद्राच्या बाकावर बसलेली कोणी पाहिले तर चर्चा होते, म्हणून आई चिठ्ठी पर्समध्ये घडी करून ठेवते आणि ती तिथेच राहते. काखेच्या सोनोग्राफीत चपट्या लहान यंत्राने फक्त काख आणि छाती बघतात, पोटाला हातही लावत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांचे काम, किरणांचा संबंध नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हे तोंडी सांगितले तर पुष्कळ चिठ्ठ्या पर्समधून बाहेर येतील.

आता दुसरी बाजू. काखेतला प्रत्येक फुगवटा स्तन-ऊतीच असतो असे मुळीच नाही, आणि ‘काही नसते, जाईल’ म्हणून सोडून देणे ही बिब्ब्याइतकीच मोठी चूक आहे. काखेत लसिका ग्रंथींचा मोठा पुंजका असतो. हाताला तुरीचे खुंट लागून जखम झाली की दोन दिवसांनी काखेत अवधाण येते, ते याच ग्रंथींचे. ते जखमेबरोबर जाते. पण क्षयाच्या जंतूंनीही या ग्रंथी सुजतात. तेव्हा संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, एकमेकींना चिकटलेल्या गाठी अशी चिन्हे असू शकतात. आणि स्तनाचा कर्करोग पसरतो तेव्हा पहिला मुक्काम बहुधा याच ग्रंथींत करतो. कधी कधी स्तनात हाताला काही लागत नाही आणि काखेतली गाठच पहिली खूण असते. याशिवाय चरबीची गाठ असते, केसांच्या मुळाशी होणारे आणि वारंवार फुटणारे गळू असते. ती खरी काखमांजरी.

हाताने तपासताना फरक बराचसा कळतो. स्तन-ऊती मऊ, पसरट, जरा रवाळ लागते, तिला नेमकी कडा नसते, कातडीबरोबर हलते आणि पाळीनुसार कमी-जास्त होते. ग्रंथीची गाठ गोल, वेगळी, बोटांत पकडता येण्यासारखी असते. पण हा फरक वर्तमानपत्र वाचून स्वतःच्या काखेत शोधायचा नाही. तो सरावलेल्या हाताला कळतो आणि सरावलेला हातही शंका आली की सोनोग्राफी सांगतो. चाळिशीनंतर नव्याने आलेला फुगवटा, दगडासारखा टणक किंवा खाली चिकटलेला गोळा, पाळीशी संबंध न ठेवता वाढत जाणारा, कातडी आत ओढणारा किंवा तिथे न भरणारी जखम करणारा, किंवा सोबत स्तनातही गाठ अथवा बोंडातून रक्त असेल, तर एकही आठवडा घालवू नये. पाळी गेल्यानंतर आलेली काखेतली नवी गाठ ‘दुधाची’ समजून बसणे तर फारच धोक्याचे.

खुद्द या अतिरिक्त ऊतीत कर्करोग होतो का? होऊ शकतो, कारण ती स्तनाचीच ऊती आहे. स्तनात जे जे होते ते सगळे तिच्यात होऊ शकते, साध्या गाठीपासून कर्करोगापर्यंत. पण ते फार विरळ आहे. स्तनाच्या एकूण कर्करोगांत शंभरातला एकही या ऊतीतला नसतो. म्हणून केवळ कर्करोगाच्या भीतीने, काही लक्षण नसताना ती काढून टाकण्याची गरज नाही. गरज आहे ती एवढीच, की स्तनांची तपासणी होईल तेव्हा काखही तपासली जावी. वयाप्रमाणे मॅमोग्राफी होत असेल तर काखेत अशी ऊती आहे हे तंत्रज्ञाला आधी सांगावे, म्हणजे तो भाग चित्रात येतो.

शंका राहिली तर सुईने तपासणी करतात. बारीक सुईने थोड्या पेशी ओढून काचपट्टीवर बघतात. इथे ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ हा समज आडवा येतो. तो अनसिंगलाच आहे असे नाही, पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या घरांतही आहे. तो खरा नाही. अशा सुईने कर्करोग पसरत नाही. कळायला उशीर झाला की पसरतो. काखेतल्या गाठीवर तपासणीशिवाय सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू करणे आणि ‘गाठ थोडी उतरली वाटते’ म्हणत राहणे, हाही उशीरच. क्षयाची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. गाठीतल्या नमुन्यात जंतू आहेत का हे बघण्याची सोय वापरली जावी.

तपासणी म्हटले की यंत्राचा विषय निघतो, आणि यंत्र दूर आहे म्हणून सगळे थांबते. याबाबत मुंबईचा एक अनुभव ग्रामीण महाराष्ट्राने नीट वाचण्यासारखा आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कर्मचारी स्त्रियांनी दोन-दोन वर्षांच्या अंतराने, चार फेऱ्यांत, केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणी झालेल्या गटात कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंत असा फरक दिसला नाही, हेही तितकेच प्रामाणिकपणे नोंदवले आहे. ना यंत्र, ना डॉक्टर. शिकवलेला हात आणि ठरलेली वेळ. असा हात उपकेंद्रापर्यंत नेता येतो. आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील स्त्रियांच्या स्तनतपासणीचा कार्यक्रम आहेच. तो रजिस्टरचे रकाने भरण्यापुरता न राहता खरोखर हाताने व्हावा, आणि हात छातीवर न थांबता काखेत जावा. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण इतकी शब्दशः दुसरीकडे कुठे लागू पडणार नाही. अर्थात तिशीचा नियम बाळंतिणीला आणि शाळकरी मुलीला उपयोगाचा नाही; त्यांच्यासाठी वर सांगितलेल्या भेटी आहेत.

राहिला शस्त्रक्रियेचा प्रश्न, आणि त्यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एका टोकाला शहरातल्या जाहिराती: बाह्या नसलेले कपडे, हसरी तरुणी, एका दिवसात घरी. दुसऱ्या टोकाला सरकारी ओपीडीतला घाईचा शेरा: ‘हे सौंदर्याचे काम आहे, इथे होत नाही.’ दोन्ही चूक. महिन्याचे आठ दिवस दुखणारी, काम करताना सोलवटणारी, दर बाळंतपणात गोळ्यासारखी उभी राहणारी गोष्ट काढून मागणे ही हौस नव्हे. आणि केवळ दिसण्याचा त्रास होत असेल, मुलगी त्यापायी घराबाहेर पडणे टाळत असेल, तर तोही त्रासच आहे. त्याचे मोल ठरवायला डॉक्टर कोण? मात्र तिला काही त्रासच नसेल, तर केवळ सोनोग्राफीच्या अहवालात शब्द आला म्हणून चाकू उचलण्याचेही कारण नाही. बहुतेक जणींना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. नीट समजावल्यावर त्या निर्धास्त होऊन घरी जातात.

गोळ्यांनी, लेपांनी, मालिशने ही ऊती जात नाही, तसा दावा करणाऱ्याला पैसे देऊ नयेत. चरबी ओढून काढण्याच्या पद्धतीने फुगवटा कमी दिसतो, पण ग्रंथी मागे राहू शकते आणि पुढच्या गरोदरपणात पुन्हा फुगते. ग्रंथी जास्त असेल तर ती कापूनच काढावी लागते. शस्त्रक्रिया काखेच्या घडीत छेद घेऊन, बहुधा पूर्ण भूल देऊन होते. ती मोठी नसली तरी किरकोळही नाही. काखेत पाणी साठणे, जखम उशिरा भरणे, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे, व्रण जाड होणे, काही दिवस हात पूर्ण वर न जाणे, हे होऊ शकते आणि ते आधी सांगितले गेले पाहिजे. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ती करू नये. पाजणे थांबल्यावर साधारण सहा महिने जाऊ द्यावेत, तोवर ऊती आपणच आकसते. आणखी मूल हवे असेल तर ते झाल्यावर करणे शहाणपणाचे. शेतकरी बाईने मृगाच्या तोंडावर किंवा सोंगणीच्या आधी तारीख घेऊ नये, कारण त्यानंतर काही आठवडे ओझे उचलता येत नाही; विदर्भाच्या मे महिन्यातल्या घामात काखेची जखम सांभाळणेही जिकिरीचे असते. थंडी बरी.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. तो ‘साधाच दिसतो’ म्हणून बादलीत टाकणारा सर्जन कितीही अनुभवी असो, डोळ्यांना पेशी दिसत नाहीत. रुग्णानेही अहवालाची प्रत मागून घ्यावी. वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. सर्जन आणि पॅथॉलॉजी दोन्ही तिथे पूर्ण बळाने उभे राहिले तर यासाठी अकोल्याची किंवा यवतमाळची वाट धरायची वेळ कमी येईल. खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेआधी विचारावे, नंतर नाही.

आणि एक बारीक काम, जे कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात आजपासून करता येईल. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर काखेतली स्तन-ऊती तपासून ठरली, की माता-बाल संरक्षण कार्डावर एक ओळ मराठीत लिहावी: कोणत्या काखेत, केवढी, वेगळी गाठ लागते की नाही, कोणत्या तारखेला बघितली. बाई माहेरी बाळंत होते अनसिंगला, पुढच्या खेपेला सासरी पुसदकडे, आणि प्रत्येक ठिकाणी नवा डॉक्टर तीच काख पहिल्यांदा बघत असतो. ती ओळ कार्डावर असली तर त्याला चिरा द्यायचा की नाही हे विचारावे लागणार नाही, आणि गोळा मागच्या वेळेपेक्षा वेगळा वाटला तर तेही लगेच कळेल.